अपडेट झाल्यापासून घरचा कॉम्प्युटर ४८ आकडी की मागतोय, काय करू?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी मदत करा, दुपारपासून डोकं बंद पडलंय. घरी असेम्बल केलेला डेस्कटॉप आहे, २०१९ चा, आय३ आठव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, नंतर टाकलेली २४० ची एसएसडी. वापरतात मुख्यतः आमचे नाना (वडील, वय ७४). सोसायटीचा हिशेब, दिंडीतल्या लोकांची यादी, बँक आणि संध्याकाळी कीर्तनं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून दिवाळीत मीच बसून पेन ड्राइव्हवरून कोरं विंडोज ११ टाकलं, आठवडाभर मस्त चाललं.

काल रात्री बंद करताना 'अपडेट अँड शट डाउन' आलं, मी दाबलं आणि झोपलो. आज दुपारी नानांनी चालू केला तर निळा स्क्रीन, वर बिटलॉकर रिकव्हरी, खाली एक चौकोन आणि त्यात म्हणे ४८ आकडी की टाका. मी असली कुठलीही की कधी लावलेली नाही!! नाना म्हणतात हॅक झालाय, पैसे मागतील आता. शेजारचा मुलगा म्हणाला फॉरमॅट मारा. डी ड्राइव्हमध्ये नानांचं गेल्या बारा वर्षांचं सगळं आहे, बॅकअप विचारू नका.

हा अपडेट काढून कसा टाकायचा ते सांगा.

उंटावरचा_शहाणा | रात्री ९:५२

बारा वर्षांचं काम आणि बॅकअप नाही. बसा आता.

लिनक्सवाले_काका | रात्री ९:५५

म्हणून सांगतो, मिंट टाका. आमच्याकडे चार वर्षं झाली, एक निळा स्क्रीन नाही.

वैदेही_प | रात्री १०:०१

काका, घर पेटलंय आणि तुम्ही नवीन फ्लॅटचा ब्रोशर दाखवताय.

बंड्या_सपोर्टवाला | रात्री १०:१८

धागाकर्ते, पहिलं म्हणजे फॉरमॅट अजिबात मारू नका. हॅक वगैरे काही नाही, हा विंडोजचाच स्क्रीन आहे. पैसे मागणारे फोन नंबर देतात, वेळ देतात, हा फक्त की मागतो.

झालं काय असेल ते सांगतो. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हापासून कोरं इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (म्हणजे डिस्कला कुलूप, बिटलॉकर तेच) आपोआप चालू होतं, होम आवृत्तीत सुद्धा. आधी हे ठरावीक लॅपटॉपवरच व्हायचं, २४एच२ ला अटी सैल केल्या आणि साधे डेस्कटॉपही त्यात आले. म्हणजे तुम्ही कुलूप लावलं नाहीत, दाराला लॅच होतं, दार ओढलं तसं लागलं. किल्ली तेव्हाच अकाउंटवर जाऊन बसते. account नावाच्या पानावर, म्हणजे अकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, त्यापुढे स्लॅश डिव्हाइसेस स्लॅश रिकव्हरीकी, मोबाईलवरून लॉगिन करा. तिथे एकापेक्षा जास्त की दिसल्या तर घाबरू नका, निळ्या स्क्रीनवर की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळतात ती तुमची.

आता प्रश्न एकच, सेटअप करताना अकाउंट कुणाचं टाकलं होतं?

कृष्णाकाठ | रात्री १०:४०

बंड्याभाऊ जीव भांड्यात पडला. माझ्या अकाउंटवर बघितलं, रिकामं. नानांचं मायक्रोसॉफ्ट अकाउंटच नाही. मग बायकोने आठवण करून दिली, त्या दिवशी लेक दिवाळीला आलेली होती, ओटीपी ओटीपी चाललं होतं आणि मी वैतागून म्हणालो होतो तुझंच टाक गं. ती पुण्यात हॉस्टेलला. आता फोन उचलत नाहीये.

वैदेही_प | रात्री १०:४३

😂 एक बाबा म्हणून सांगा, तुम्ही तिचा फोन पहिल्या रिंगला उचलता ना

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ८:१५

मिळाली! लेकीने रात्री साडेअकराला स्क्रीनशॉट पाठवला, वर "बाबा तुम्ही पण ना". सहा सहा आकड्यांचे आठ गट. नाना वाचत होते, मी दाबत होतो, चौथ्या गटात चुकलो तर लगेच तिथेच अडवलं त्याने, शेवटपर्यंत जाऊ दिलं नाही, हे कसं कळतं त्याला काय माहीत. चालू झाला. फाइल्स जागेवर आहेत.

पण आता नेहमीचा चार आकडी पिन चालत नाही, काहीतरी झालंय, पिन उपलब्ध नाही असं म्हणतो. लेकीचा पासवर्ड टाकून आत गेलो (पासवर्ड काय आहे ते सांगत नाही, पण नाना दोन मिनिटं गप्प होते). आणि आज सकाळी चालू केला तर परत तोच निळा स्क्रीन, परत ४८ आकडे. रोज हे करायचं का?

गणितवेडा | सकाळी ८:३१

चौथ्या गटाचं गुपित: त्या कीमधला प्रत्येक सहा आकडी गट ११ ने भाग जाणारा असतो. एक आकडा चुकला की भाग जात नाही, म्हणून लगेच पकडतं. तुमचा स्क्रीनशॉट काढून भागून बघा. (इथे टाकू नका मात्र!!)

कृष्णाकाठ | सकाळी ८:५०

नानांनी आठही गट कागदावर भागून बघितले. जातो भाग. पतसंस्थेत ३१ वर्षं काढलीत त्यांनी, आता या मशीनबद्दल थोडा आदर वाटतोय म्हणाले.

बंड्या_सपोर्टवाला | सकाळी ९:०५

पिन आणि की दोन्ही एकदम गेलं म्हणजे टीपीएमकडे बोट जातं. टीपीएम म्हणजे मशीनमधली छोटी तिजोरी, डिस्कची किल्ली आणि तुमचा पिन दोन्ही तिच्या भरवशावर चालतात. ती दिसेनाशी झाली की विंडोज म्हणतं, हे माझं घर वाटत नाही, किल्ली दाखवा. विंडोज आणि आर बटण दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाइप करा, काय येतं ते कळवा.

आमच्याकडे जुलै २०२४ मध्ये एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा खराब अपडेट आला होता, जगभर ८५ लाख मशीन झोपली तेव्हाची गोष्ट, पेपरात आलं होतं. तेव्हा मी फोनवर लोकांना या ४८ आकड्या वाचून दाखवत दिवस काढलेत, एका बाईंनी तर सात आणि नऊ माझ्या उच्चारावरून तीनदा चुकवले. त्यामुळे तुमचं दुःख मला कळतं.

कृष्णाकाठ | सकाळी ९:२०

"कम्पॅटिबल टीपीएम कॅनॉट बी फाउंड" असं येतंय. पण तो होता! तो चालू केल्याशिवाय विंडोज ११ पडतच नव्हतं, मी स्वतः बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडतं ते मशीनचं स्वतःचं सेटिंग) जाऊन व्हिडिओ बघून बघून पीटीटी का काय ते एनेबल केलं होतं.

बंड्या_सपोर्टवाला | सकाळी ९:२४

तेच. इंटेलच्या बोर्डवर टीपीएमचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. परत बायोसमध्ये जा (चालू होताना डिलीट दाबत राहा), बघा डिसेबल झालंय का. एनेबल करा, एफ१० दाबून सेव्ह करा. एकदा की मागेल कदाचित, मग नाही. पिन नवीन सेट करून घ्या.

कृष्णाकाठ | सकाळी १०:०२

डिसेबल होतं! एनेबल केलं, एकदा की मागितली, नंतर दोनदा रिस्टार्ट करून बघितला, गुपचूप चालू होतोय. पिन पण झाला. बंड्याभाऊ तुम्हाला आमच्याकडची भडंग पाठवतो. म्हणजे अपडेटनेच पीटीटी बंद केलं की नाही?

लिनक्सवाले_काका | सकाळी १०:१०

करणारच. तुमचं मशीन तुमचं नाहीच मुळी.

बंड्या_सपोर्टवाला | सकाळी १०:३०

हे मात्र मला पटत नाहीये. ब्रँडेड लॅपटॉपला विंडोज अपडेटमधून बायोसचा अपडेट येतो कधीकधी, मान्य. पण असेम्बल केलेल्या बोर्डला असा येत नाही सहसा. असो, चाललं ना. की कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात ठेवू नका.

सोलापूरची_चादर | दुपारी १:१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे पण नवीन ११ आहे, की बघून आले, सापडली. या धाग्याने आधीच पुण्य कमावलं.

थोडं अवांतर, ११ ची एवढी घाई नव्हती हो. १० वाल्यांना घरगुती वापरासाठी एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट मिळतायत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

कृष्णाकाठ | दुपारी २:००

आता सांगताय. अजून एक विचारून घेतो, नानांच्या जुन्या फाइल्स उघडतात पण मराठीच्या जागी भलतंच दिसतं. पत्राच्या सुरुवातीला 'प्रति' असायचं तिथे आय, झेड, एफ, आर अशी चार इंग्रजी अक्षरं आहेत. ही एन्क्रिप्शनमुळे खराब झाली का? नानांना अजून दाखवलेलं नाही.

वैदेही_प | दुपारी २:०९

नाही हो, दाखवा खुशाल. हा कृतीदेव फॉन्ट आहे. त्यात अक्षरं आतून इंग्रजीच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. आय म्हणजे प, झेड म्हणजे खालचा र, एफ म्हणजे पहिली वेलांटी, आर म्हणजे त. कोरं विंडोज टाकल्यावर फॉन्ट गेला, सोंग उतरलं. फॉन्टची फाइल कुणाकडून तरी आणून त्यावर राइट क्लिक करून इन्स्टॉल करा, सगळं जसंच्या तसं दिसेल. मी डीटीपीत पंधरा वर्षं घासली आहेत, आय-झेड-एफ-आर बघितलं की मला सरळ 'प्रति'च दिसतं आता.

पुढचं तरी युनिकोडमध्ये करा म्हणावं. सेटिंगमध्ये मराठी भाषा टाकली की फोनेटिक कीबोर्ड पण मिळतो.

कृष्णाकाठ | दुपारी ४:४५

फॉन्ट मिळाला नानांच्या जुन्या ऑफिसातून, पेन ड्राइव्हवर. दिसलं सगळं. फोनेटिकचं नाव काढलं तर नाना म्हणाले माझ्या बोटांना विचार. धागा बंद करायला हरकत नाही. धन्यवाद मंडळी 🙏

कृष्णाकाठ | पुढचा सोमवार, दुपारी ३:२०

धागा बंद नाही. परत आला. तोच निळा स्क्रीन, परत पीटीटी डिसेबल. आठवडाभर एक अक्षर तक्रार नव्हती. या अपडेटला मी आता सोडत नाही, कुठून अनइन्स्टॉल करायचा सांगा.

उंटावरचा_शहाणा | दुपारी ३:२८

सेटिंग, विंडोज अपडेट, अपडेट हिस्ट्री. तिथेच खाली अनइन्स्टॉल आहे. आणि बॅकअप घेतला का हो या आठवड्यात?

कृष्णाकाठ | दुपारी ३:३०

(नाही.)

मीटर_आणि_सोल्डर | दुपारी ३:५१

थांबा, अनइन्स्टॉल करण्याआधी ती हिस्ट्री नीट वाचा. गेल्या सोमवारनंतर नवीन काही पडलंय का? महिन्याचा मोठा अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतो, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. म्हणजे त्याचा राग बुधवार-गुरुवारी यायला पाहिजे. तुमचं दोन्ही वेळा सोमवारीच झालंय.

सोमवारी तुमच्याकडे काय असतं?

कृष्णाकाठ | दुपारी ४:०२

हिस्ट्रीत मधल्या आठवड्यात अँटिव्हायरसच्या व्याख्या सोडल्या तर काहीच नाही.

सोमवारी... आमच्या भागात सोमवारी मेंटेनन्सला लाईट जाते, सकाळी दहा ते दोन-अडीच. पण कॉम्प्युटर तेव्हा बंदच असतो! आणि यूपीएस आहे, जुना झालाय, दहा मिनिटं टिकतो.

मीटर_आणि_सोल्डर | दुपारी ४:०६

आता एक करा, बायोसच्या पहिल्या पानावर घड्याळ असतं. त्यात तारीख काय आहे?

कृष्णाकाठ | दुपारी ४:१९

१ जानेवारी २०१९.

मीटर_आणि_सोल्डर | दुपारी ४:२३

झालं. सेल गेलाय. मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा चपटा गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ जाड, नावातच लिहिलंय. मशीन बंद असलं तरी प्लगला वीज आहे तोवर बोर्ड त्या विजेवर घड्याळ चालवतो, सेलला हात लावत नाही. वीज पूर्ण गेली आणि यूपीएस पण मेला की सगळा भार सेलवर. सेल मेलेला, म्हणून बायोस सगळं विसरतो, घड्याळ पण आणि तुम्ही चालू केलेलं पीटीटी पण. मग फॅक्टरीची सेटिंग येते, तुमच्या बोर्डच्या वेळी पीटीटी बंदच देत होते. तिजोरी गायब, विंडोज किल्ली मागतं.

अपडेट बिचारा रविवारी रात्री तिथून जात होता एवढंच.

बंड्या_सपोर्टवाला | दुपारी ४:३०

🙇 मला घड्याळ विचारायला पाहिजे होतं. हेडफोन लावून सॉफ्टवेअर बघत बसलं की असं होतं.

वैदेही_प | दुपारी ४:३३

पण मग विंडोज १० वर दोन वर्षं हे का नाही झालं? सेल काय दिवाळीनंतरच मेला?

मीटर_आणि_सोल्डर | दुपारी ४:४१

माझ्या मते आधीच मेलेला आहे. १० ला पीटीटी लागतच नव्हतं, बायोस विसरला काय आणि नाही काय, फॅक्टरी सेटिंगवर मजेत चालू व्हायचं. घड्याळ चुकायचं ते नेट लागलं की विंडोज बहुतेक वेळा दुरुस्त करून घ्यायचं. धागाकर्ते, नानांना विचारा, लाईट जाऊन आली की मशीन चालू होताना काळ्या स्क्रीनवर काही यायचं का?

कृष्णाकाठ | दुपारी ४:५८

विचारलं. शब्दशः देतो.

"हां, ते एफ वन दाबा येतं ते? ते तर दोन उन्हाळे झाले येतंय. मी एफ वन दाबतो, मग एफ टेन, मग एंटर. वहीत लिहून ठेवलंय."

वही आणून दाखवली. बँकेच्या पासवर्डच्या वर, लाल पेनने, "लाईट गेल्यास – एफ१, एफ१०, एंटर". आणि खाली "बँक उघडत नसल्यास तारीख बघणे." दोन वर्षं हा माणूस मशीनच्या स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा करतोय आणि घरात कुणाला पत्ता नाही. मी विचारलं सांगितलं का नाही, म्हणाले तुम्ही विचारलं नाहीत आणि अडलं काहीच नव्हतं.

सोलापूरची_चादर | संध्याकाळी ५:०३

नाना रॉक्स. "तारीख बघणे" 😂😂 तारीख २०१९ असली की बँकेचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं, साइट कशी उघडेल. हे त्यांनी स्वतः शोधलं??

मीटर_आणि_सोल्डर | संध्याकाळी ५:१०

नानांना नोकरी द्या कुणीतरी.

बदलताना: शट डाउन, प्लग भिंतीतून काढा, मग पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घ्या. डावीकडचं झाकण काढा. सेलच्या कडेला पत्र्याची छोटी जीभ असते, ती नखाने बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटत बसू नका, बोर्डवर ओरखडा गेला तर मग माझ्याकडे इलाज नाही. नवीन बसवताना अधिकचं चिन्ह आणि अक्षरं वर. मग बायोसमध्ये तारीख, वेळ, पीटीटी, एफ१०. रिकव्हरी की हाताशी ठेवा, एकदा मागेलच.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ११:३५

केलं. घड्याळवाल्याकडे मिळाला, ४० रुपये. झाकण काढलं तर आत धुळीची गोधडी, पंख्यावर पालीची दोन अंडी (रिकामी). सेल ग्राफिक कार्डाच्या बरोबर खाली, त्यामुळे बोट जाईना, शेवटी नानांनी अडकित्ता आणला, तो मी नको म्हटला, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने जीभ ढकलली. टुणकन म्हणालात ना, तसाच उडाला आणि एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) खाली गेला. जुना होता म्हणून बरं.

शेजारच्या वायरमनच्या मीटरवर बघितलं, जुना १.९ व्होल्ट, नवा ३.२.

पीटीटी लावलं, की एकदा मागितली, नानांनी वाचली, या वेळी एकही चूक नाही. मुद्दाम प्लग काढून दोन तास ठेवला, परत लावला, सरळ पिनवर आला. घड्याळ बरोबर.

बंड्या_सपोर्टवाला | सकाळी ११:५०

जिंकलात. आता एक ठरवा, एन्क्रिप्शन ठेवायचं का? सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन आहे, बंद केलं तर तास-दोन तासात डिस्क मोकळी होते. लॅपटॉप असता तर ठेवाच म्हणालो असतो, हा टेबलावरून हलत नाही.

वैदेही_प | सकाळी ११:५८

मी ठेवा म्हणेन. रिपेअरला डिस्क दुकानात जाते तेव्हा कोण काय बघतं सांगता येत नाही, त्यात नानांची बँक.

मीटर_आणि_सोल्डर | दुपारी १२:०५

मी काढा म्हणेन. घरगुती मशीनमध्ये चोरापेक्षा विसरलेली किल्ली जास्त नुकसान करते. लेकीने ते अकाउंट बंद केलं असतं आणि की दुसरीकडे कुठे लिहिलेली नसती, तर जगात कुणीही ती डिस्क उघडून देऊ शकलं नसतं, मायक्रोसॉफ्ट सुद्धा नाही.

कृष्णाकाठ | दुपारी १२:४०

नानांनी निकाल दिला, ठेवायचं. की त्यांनी वहीत लिहिलीय (बंड्याभाऊ ओरडू नका, वही देवघरात असते) आणि एक प्रत माझ्या पाकिटात. शिवाय आज दुपारी बाहेरची हार्ड डिस्क आणतोय, उंटावरच्या शहाण्यांना कळावे.

उंटावरचा_शहाणा | दुपारी १२:४४

कळलं. उंटावरून उतरतो.

कृष्णाकाठ | त्यापुढचा सोमवार, दुपारी ३:०५

लाईट गेली, आली. नानांनी चालू केला, मला ऑफिसात फोन. म्हणाले, "अरे एफ वन आलंच नाही, काही बिघडलंय का बघ."